गुऱ्हाळावरून दिसलेली चांदणी

आमच्याकडे केसपेपरवर जनावराचं नाव लिहावं लागतं. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की भागतं, कुत्र्याला मात्र नाव लागतं, आणि नावंही ठरलेली. कराडात वीस वर्षं दवाखाना चालवतेय, तेवढ्यात निदान दोनशे टॉमी तपासले असतील, तेवढेच मोती आणि राजा. अलीकडे ब्रूनोंची साथ आहे. त्यामुळे मार्चमध्ये एका सकाळी सत्तरी केव्हाच ओलांडलेले एक काका गोधडीत गुंडाळलेली तांबूस गावठी कुत्री घेऊन आले आणि कंपाउंडरने कागदावर ‘लाडकी’ लिहिलं, तेव्हा मी मानही वर केली नाही.

“लाडकी न्हवं,” काका म्हणाले. “लायका. रशियाची.”

मग केली.

ताप 105, हिरड्या पांढऱ्याफटक, कानाच्या पाळीत गोचिडांचा घोस. गोचीड ताप, आमच्याकडचं रोजचं दुखणं. मी नेहमीचं विचारलं, “पाणी पितेय का?” काका म्हणाले, दोन दिस जेवली न्हाय. सगळे हेच सांगतात. भाकरी शिवली नाही हे घरात सगळ्यांच्या लक्षात येतं, पाण्याच्या भांड्याकडे कुणी बघत नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा ते विचारात पडले.

सलाईन लावलं की तास-दीड तास जातो. काका स्टुलावर बसून तिचा पंजा धरून होते. नावाचं विचारलं तर खुलले.

“मी आठ वर्साचा आसंन. आमचं गुऱ्हाळ चालू. पहाटंचं वडील काहिलीपाशी, आन् आम्ही पोरं चुलवाणापुढं शेकत बसल्यालो. मास्तरांनी शाळंत सांगितल्यालं, रशियानं चांदणी सोडलीया आन् तिच्यात कुत्री बसलीया. वडील म्हणलं, ती बगा, चालती चांदणी. आमी सगळ्यांनी हात हलवलं. मी तर यू यू करून हाकच मारली.”

तेव्हापासून त्यांच्या घरातल्या प्रत्येक कुत्रीचं नाव लायका. ही सहावी.

मी सलाईनचा थेंब जरा कमी केला आणि गप्प बसले. काकांना जी चांदणी दिसली ती स्पुटनिक-2 असणार. ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, खाली अंधार आणि वर ऊन असलं की. 3 नोव्हेंबर 1957 ला ती सुटली आणि 14 एप्रिल 1958 ला वातावरणात शिरून जळाली. तोवर पृथ्वीभोवती तिच्या 2,570 फेऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या जेमतेम पहिल्या चार लायकाने जिवंतपणी केल्या. काकांनी हाक मारली तेव्हा आत कुत्री होती, पण मेलेली. हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सुई लावलेल्या कुत्रीशेजारी ते सांगायची मला काही घाई नव्हती.

या प्रकरणाचा मला बरीच वर्षं नाद आहे. लोकांना त्यात रॉकेट दिसतं, मला केसपेपर दिसतो.

आता निवडीचंच घ्या. मॉस्कोच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेने उमेदवार गोळा केले ते रस्त्यावरून. जातिवंत कुत्री नको होती. थंडी, उपासमार आणि लाथा खाऊन जे जगलं तेच टिकेल, हा हिशोब. माझ्या अनुभवाने तो बरोबर आहे. आमच्या बाजारपेठेतली कुत्री पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगातूनही कधीकधी उठून बसतात आणि तीस हजारांचं पिल्लू तीन दिवसांत जातं. वजन सहा-सात किलोच्या आत हवं, कारण रॉकेटला एकेक किलोचा हिशोब. रंग उजळ हवा, म्हणजे कॅमेऱ्यात नीट दिसेल. आणि मादीच हवी. याचं कारण ऐकून आमच्या कॉलेजातले सर पोट धरून हसले असते: नर तंगडी वर करतो, आणि त्या डब्यात तंगडी वर करायला जागा नव्हती.

लघवी हे त्या तालमीतलं सगळ्यात अवघड प्रकरण ठरलं. कुत्र्यांना लहान, मग आणखी लहान पिंजऱ्यात ठेवायचे, वीस-वीस दिवसांपर्यंत. तिथे ती लघवी-संडास धरून ठेवायची. अस्वस्थ व्हायची, तब्येत बिघडायची, जुलाबाची औषधं दिली तरी उपयोग व्हायचा नाही. शेवटी सवयीनेच जमलं. ज्याने घरात एक रात्र कुत्रं कोंडून ठेवलंय त्याला यात नवल वाटणार नाही. माझ्याकडे ऑपरेशननंतर ठेवलेली कुत्री चोवीस चोवीस तास धरून ठेवतात आणि फाटकाबाहेर नेलं की पहिल्या खांबाशी मोकळी होतात.

त्या काळातल्या सगळ्याच गोष्टी काळ्या नाहीत. 22 जुलै 1951 ला देझिक आणि त्सिगान या दोन कुत्र्यांना कापुस्तिन यार या रॉकेट तळावरून शंभरेक किलोमीटर वर नेऊन जिवंत खाली आणलं, तेव्हा माणसं गाड्यांतून उतरून धावत सुटली होती. आठवड्याभरात देझिक पुन्हा गेला, आणि हवाई छत्री उघडलीच नाही. त्सिगानला मग अनातोली ब्लागोन्रावोव्ह या शास्त्रज्ञाने घरी नेलं. त्याच हंगामात बोबिक नावाचं कुत्रं उड्डाणाच्या तोंडावर पळून गेलं. शहाणंच म्हणायचं. मग आयत्या वेळी आणलेल्या बदलीच्या कुत्र्याचं नाव ठेवलं ‘झिब’. रशियन शब्दांची ती आद्याक्षरं, अर्थ ‘गायब झालेल्या बोबिकचा बदली’. सरकारी माणसं सगळीकडे सारखीच. तो झिबही सुखरूप परतला.

लायका आधी ‘कुद्र्यावका’ होती, म्हणजे कुरळी. ‘लायका’ म्हणजे भुंकणारी. वय तीनेक वर्षं, वजन सहा किलोच्या आसपास. पहिला स्पुटनिक 4 ऑक्टोबरला गेला, जगभर गाजला, आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्हला रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, 7 नोव्हेंबरच्या आत, आणखी एक हवा झाला. चार आठवड्यांत 508 किलोचा उपग्रह उभा राहिला. तो सुखरूप खाली कसा आणायचा हे कुणालाच येत नव्हतं. म्हणजे जाणाऱ्या कुत्रीचं परतीचं तिकीट काढलेलंच नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन कुत्र्या तयार होत्या. अल्बिना आधी दोनदा वर जाऊन आलेली, तिला राखीव ठेवलं. मुश्का यंत्रं तपासायला. लायका जाणार.

तिच्या शरीरावर काय काय केलं हे वाचताना माझे हात आपोआप हलतात, कारण ते सगळं मी करते. नाडी आणि श्वास मोजायच्या तारा आत शिवल्या. मानेतली कॅरोटिड धमनी कातडीच्या घडीत गुंडाळून बाहेरच्या बाजूला आणली, रक्तदाब मोजायला. यान बंद करण्याआधी केस स्पिरिटच्या पातळ द्रावणाने पुसले, तारा चिकटायच्या जागी आयोडीन लावलं. आयोडीनचा तो पिवळा डाग आणि वास मला डोळे मिटून ओळखू येतो. कुत्र्यालाही येतो. टेबलावर चढवल्याबरोबर ते कान मागे पाडतात.

प्रकल्पाचे वैद्यकीय प्रमुख व्लादिमीर याझ्दोव्स्की यांनी जाण्याआधी तिला आपल्या घरी नेलं, मुलांबरोबर खेळू दिलं. तिच्याकडे फार थोडे दिवस उरलेत, तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. काही लोक हे वाचून हळवे होतात, काही चिडतात. मला त्या मुलांचा विचार येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच असेल ना, कुत्री कुठे गेली?

उड्डाणाआधी तीन दिवस तिला डब्यात बसवलं. उभं राहता येईल, बसता येईल, आडवं होता येईल, पण वळता येणार नाही, एवढी जागा. बायकोनूरच्या रॉकेट तळावर थंडी कडक, म्हणून डबा गरम राहावा यासाठी बाहेरून नळी जोडून उबदार हवा सोडत होते. आत एक पंखा होता. तापमान 15 अंशांच्या वर गेलं की तो आपोआप सुरू व्हायचा. अन्न आणि प्राणवायू सात दिवसांचा.

आता आकडे. जमिनीवर नाडी 103. उड्डाणात 240. भारहीन अवस्थेत गेल्यावर ती 102 वर यायला तीन तास लागले. जमिनीवरच्या तालमीत लागायचा त्याच्या तिप्पट वेळ. मी दिवसभर कुत्र्यांच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी मोजते. 240 म्हणजे बोटाखाली ठोके वेगळे लागतच नाहीत, नुसती थरथर लागते. तरीही ती सावरली. थोडं खाल्लंही. रस्त्यावरच्या कुत्रीने आपली बाजू चोख निभावली होती.

तोवर उष्णता चढत होती. उष्णतारोधक आवरणाचा काही भाग फाटला होता, थंडाव्याची व्यवस्था पुरी पडली नाही, आत 40 अंश झाले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीला येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. बंद डब्यात धापा टाकल्या की हवेत वाफ वाढते, आणि वाफ वाढली की धापांचा उपयोग संपतो. बंद गाडीत राहिलेलं कुत्रं मे महिन्यात माझ्याकडे आणतात, त्यांपैकी फार थोडी वाचतात. आधी बेचैनी, मग लाळ, मग डोळे थिजतात. यान सुटल्यानंतर पाच ते सात तासांत लायकाच्या हालचालींची खूण थांबली.

जगाला वेगळं सांगितलं गेलं. ती काही दिवस जगली, मग प्राणवायू संपला. किंवा विष घातलेल्या अन्नाने शांतपणे गेली. खरं काय ते ऑक्टोबर 2002 मध्ये बाहेर आलं, ह्यूस्टनच्या अंतराळ परिषदेत दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सांगितलं तेव्हा. पंचेचाळीस वर्षं! मी तेव्हा नुकती पास होऊन कामाला लागले होते. पेपरात कोपऱ्यात आलेली ती बातमी मी कापून ठेवली होती. कात्रण हरवलं, डोक्यात राहिली.

अमेरिकेची माकडं मी इथे लांबवत नाही. त्या काळात तिकडच्या प्रयोगशाळांना लागणारी लाल तोंडाची माकडं आपल्या उत्तर भारतातून खोके भरभरून जायची, आणि 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ती निर्यात थांबवली, एवढं माहीत असू द्या. एनोस चिंपांझीचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 29 नोव्हेंबर 1961 ला तो पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आला. त्याला शिकवलं होतं की चुकीचा दांडा दाबला तर तळपायाला झटका बसतो. वर गेल्यावर यंत्र बिघडलं आणि बरोबर दांडा दाबला तरी झटके बसू लागले. तो तरीही शिकवल्याप्रमाणेच दाबत राहिला. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन त्याच वाटेने गेला. एनोस वर्षभरात हगवणीने मेला.

कक्षेत जाऊन जिवंत परतलेल्या पहिल्या कुत्र्या बेल्का आणि स्ट्रेल्का. 19 ऑगस्ट 1960 ला गेल्या, दुसऱ्या दिवशी उतरल्या. बरोबर उंदीर, ससा, माश्या, रोपं, सगळा नोहाचा तांडा. चौथ्या फेरीत बेल्काने उलटी केली आणि पट्ट्यांशी झटापट केली. ते चित्रण पाहून डॉक्टरांनी ठरवलं, माणसाला पहिल्या खेपेला एकच फेरी. 12 एप्रिल 1961 ला गागारिन 108 मिनिटांत परतला यामागे एका कुत्रीची उलटी आहे, हे मी आमच्या कंपाउंडरला सांगितलं. तो त्या वेळी फरशी पुसत होता. म्हणाला, “आपल्याकडे रोज दहा होतात, कुणी काय ठरवत नाही.”

स्ट्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका ख्रुश्चॉव्हने केनेडींच्या मुलीला धाडली. शीतयुद्ध ऐन भरात असताना ती व्हाइट हाउसमध्ये केनेडींच्या चार्लीशी जमली आणि तिला चार पिल्लं झाली. कुत्र्यांना परराष्ट्र धोरण समजत नाही हे बरं आहे.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती 22 डिसेंबर 1960 ची गोष्ट. ती फारशी कुणाला ठाऊक नसते. दोन कुत्र्या निघाल्या, रॉकेटचा वरचा टप्पा बंद पडला, आणि डबा कक्षेत न जाता सैबेरियात तुंगुस्काच्या बाजूला बर्फात कोसळला. थंडी उणे चाळीसच्या खाली. डबा परक्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यात साठ तासांनी फुटणारा स्फोटक लावलेला. कुत्र्यांचा पिंजरा यानातून वेगळा फेकला जायचा होता, तो बिघाडामुळे आतच अडकला, आणि त्यामुळेच ऊब टिकली. बरोबरचे उंदीर गोठून मेले. शोधपथक पोहोचलं, स्फोटक निकामी केला, डबा ठोठावला तर आधी काहीच आवाज नाही. मग आतून भुंकणं आलं. मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून दोघींना मॉस्कोला आणलं.

त्यातल्या एकीला ओलेग गाझेन्कोंनी घरी नेलं. ती त्यांच्याकडे चौदा वर्षं राहिली. लायकाला निवडून तयार करणाऱ्यांतले हेच गाझेन्को. 1998 मध्ये म्हातारपणी त्यांनी उघड सांगितलं की जसजसा काळ जातो तसतसं त्याचं जास्त वाईट वाटतं. आम्ही ते करायला नको होतं, त्या कुत्रीच्या मरणाचं समर्थन होईल एवढं त्या उड्डाणातून शिकलो नाही.

त्यांच्यावर दगड मारायला माझा हात उचलत नाही. मी शिकत होते तेव्हा शस्त्रक्रियेचा सराव रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांवरच व्हायचा. माझ्या वाट्याला एक काळी-पांढरी कुत्री आली होती. आधीच्या आठवड्याचे टाके अंगावर असताना ती मला बघून शेपूट हलवायची. मी आज गर्भाशयाचं ऑपरेशन वीस मिनिटांत करते ते तिच्यामुळे. गाझेन्को जे म्हणाले ते मला माझ्यापुरतं म्हणता येत नाही, कारण मी शिकले, आणि ते शिकणं शेकडो कुत्र्यांच्या कामी आलं. पण तिचं नाव मी ठेवलं नव्हतं. मुद्दामच.

काकांची लायका तीन दिवस येत होती. पहिल्या दिवशी गोधडीत, दुसऱ्या दिवशी काखेत, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी, दाराशी जरा अडून. ताप 102. हिरड्यांना गुलाबी झाक. मी शेवटचं इंजेक्शन भरत होते तेव्हा काकांनी विचारलं, “डॉक्टरीणबाई, ती वरची लायका किती दिस जगली वो? तुमी वाचलं आसंल.”

मी सांगितलं. सहा-सात तास. उकाड्याने.

ते बराच वेळ कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिले. “म्हंजी आमी हात केला तवा...”

“नव्हती काका.”

“आन् पाणी? पाणी व्हतं का तिला?”

वीस वर्षं मी लोकांना विचारतेय, मला हे पहिल्यांदा कुणी विचारलं. तिचं खाणं म्हणजे खळीसारखा घट्ट लगदा होता, पाणी त्यातच मुरवलेलं, साधं पाणी वेगळं नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरांच्या आठवणींत एक गोष्ट आहे, ती मी काकांना सांगितली. डबा बंद झाला होता, रॉकेटवर चढवला होता, तरी तिला तहान लागली असेल असं त्यांना वाटत राहिलं. वरिष्ठांची मनधरणी करून डब्याचं एक लहानसं भोक उघडून घेतलं, मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावली, आणि भोकातून तिच्या खाण्याच्या भांड्यात पाणी सोडलं.

माझ्या ट्रेमध्ये तसलीच सिरिंज पडली होती, नळीसकट. आई नसलेल्या पिल्लांना मी त्यानेच दूध पाजते. काकांनी ती उचलून बघितली आणि परत ठेवली.

“पाजलं म्हना की,” ते म्हणाले. मग, पुढचं कधी आणू?

मी केसपेपर ओढला. वर अजून ‘लाडकी’च होतं. ते खोडून लायका लिहिलं, वजन 13 किलो 200 ग्रॅम, आणि खाली सोमवारची तारीख टाकली.